भाडेकरूचं शेवटचं तोंड

मस्कत
८ एप्रिल २००४

शशीआजी,

सलाम आणि नमस्कार दोन्ही. अम्मी म्हणते सलाम लिही, आणि तू शिकवलं होतंस की पत्राची सुरुवात नमस्कारानं करायची. दोघींचं ऐकलं.

आम्ही नीट पोचलो. विमानात अरसलानने अम्मीच्या ओढणीवर उलटी केली. अब्बू विमानतळावर आले होते, त्यांनी त्याला तसाच उचलून घेतला आणि मग त्यांचा शर्टपण गेला. घर पाचव्या मजल्यावर आहे. मला वाटलं होतं मस्कत म्हणजे खिडकीतून समुद्र दिसेल. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीचे एसी दिसतात. ते पाणी गाळतात, तेवढाच समुद्र.

शाळेत मराठी नाही. म्हणून मी तुला पत्रंच लिहिणार, नाहीतर मी ळ विसरून जाईन. फोनवर मजा येत नाही. कार्ड संपत आलं की अब्बू हातानं खूण करतात, आणि मी नवाबचं विचारायच्या आत फोन अरसलानकडे जातो.

नवाब कसा आहे? इथं वर्गात मी सांगितलं की माझ्याकडे शंखात राहणारा खेकडा आहे, मी त्याला उरणला नानीच्या घरामागे केवड्याच्या बनात पकडला, तो पाण्यात नाही, जमिनीवर राहतो, आणि माझ्या हातावरून चालतो. तर एक मुलगी म्हणाली, खेकडे पाळत नाहीत, खातात. मी तिच्याशी बोलत नाही.

आजी, शेजारच्या आमच्या घराला कुलूप लावून नवाबची पेटी तुझ्याकडे ठेवली, त्या घाईत सांगायचं राहिलं. त्याला दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच घाल, त्यातलं औषध उडून जातं. खाऱ्या पाण्यात पाकिटातलं मीठ नको, मिठागरातलं खडेमीठ घाल. पाकिटातल्या मिठानं तो आजारी पडतो. खायला खोबरं चालतं, पण त्याला सुका जवळापण पाहिजे. मला माहीत आहे तुझ्याकडे मासळी चालत नाही. पण नवाबला चालते ना.

आजोबा त्याला भाडेकरू म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरात राहतोस, पागडी किती भरलीस?" असं विचारायचे, ते मला अजिबात आवडायचं नाही. आता आवडतं.

तुझी
हिबा


पनवेल
१७ एप्रिल २००४

चि. हिबाबाईसाहेबांना पनवेलहून आशीर्वाद, आणि सोबत तक्रारींची पुरचुंडी.

पत्र पोचलं. ळ छान बाळसेदार काढला आहेस, विसरशील असं वाटत नाही.

आता तक्रारी. अगं, तुझ्या नवाबापायी मला या वयात काय काय करावं लागतंय! अठ्ठावन्न वर्षं माझ्या पिशवीनं मेथी, माठ आणि फार तर फणस पाहिला. मंगळवारी तीच पिशवी घेऊन मासळी बाजारात उभी राहिले. ती सत्यवती, वाकट्या-जवळा घेऊन बसते ती, मला ओळखते, मी तिच्यावरून नाक धरून जाते म्हणून. म्हणाली, "बाय, तुमी कदीपासून खायला लागल्या?" म्हटलं, मला नको गं, घरी खेकडा आहे, त्याला हवाय. शंखातला खेकडा म्हटल्यावर तिनं विचार केला आणि सांगितलं, "त्याचा कालवन पन नाय व्हायाचा. निस्ता शंखच हाय." मी म्हटलं, बाई, जवळा दे आणि गप्प बस.

जिन्यात गोदूताई भेटल्या. नाक वर, भुवया त्याहून वर. म्हणाल्या, "शशिकलाबाई, हा वास?" मी पिशवी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. हसू नकोस. हे गेल्यापासून सगळी बिल्डिंग माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं दबक्या आवाजात बोलते. त्या दिवशी गोदूताई चांगल्या खणखणीत भांडल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

स्वानंदचा दिल्लीहून दर रविवारी तोच फोन, "आई, एकटी राहू नकोस, घर बंद कर आणि इकडे ये." मी सांगितलं, घरात भाडेकरू आहे, असं उठून कसं येता येईल? बिचारा कितीतरी वेळ कायद्याचं बोलत होता.

पण आता खरं सांगते, मला भाडेकरूचं लक्षण ठीक दिसत नाही. पाण्याच्या वाटीत बसून राहतो आणि पितच राहतो. खाणं टाकलंय, ज्याच्यासाठी मी धर्म बुडवला तो जवळासुद्धा. डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे धुरकट दिसतात. कोपऱ्यात जाऊन वाळू उकरत बसतो, पण वाळू परत घसरते. स्वच्छतेत मी काही कसूर ठेवलेली नाही हो. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, तेव्हा त्याची वाळूपण शेजारी पसरली, तीन कडक उन्हं दाखवली आणि चाळून पेटीत भरली. अगदी रव्यासारखी झाली आहे. एकटीला कुरडया कशाला लागतात म्हणशील, पण चैत्र आला की हात आपले चिकात जातात.

काय झालं असेल त्याला? लवकर कळव.

तुझी
शशीआजी


मस्कत
२६ एप्रिल २००४

आजी!

वाळवलीस? या अल्ला! कुरडयांबरोबर?

अगं, तो आजारी नाही. तो अंगावरचं कवच बदलणार आहे. आमच्या शाळेच्या लायब्ररीत समुद्रातल्या प्राण्यांचं एक जाडं पुस्तक आहे, बाई ते घरी देत नाहीत, म्हणून मी मधल्या सुट्टीत जाऊन वाचते. त्यात सगळं आहे. नवाब वाढतो, पण त्याच्या पायांवरचं आणि नांगीवरचं कवच वाढत नाही. मग ते काढून टाकावं लागतं. खाली नवं तयार असतं, पण मऊ असतं, त्यामुळे त्याला कोणीही मारू शकतं. म्हणून तो आधी भरपूर पाणी पितो आणि मग वाळूत खोल खोल जाऊन लपतो.

वाळू ओली पाहिजे. किल्ला बांधता येईल इतकी ओली. कोरडी असली की त्याचं बीळ ढासळतं. तू लगेच खारं पाणी शिंपड, हे पत्र खाली ठेव आणि शिंपड, मग पुढचं वाच.

शिंपडलंस? आता नियम. अंधार ठेवायचा. हवा दमट ठेवायची. तो महिनाभर वर आला नाही तरी उकरून बघायचं नाही. उकरलं की मरतो. हात लावायचा नाही, पेटी हलवायची नाही.

आजी, इथं सगळे मला विचारतात, रुळलीस का, मैत्रिणी झाल्या का, आवडलं का. रोज विचारतात. मी अम्मीला म्हटलं, मलाही महिनाभर कोणी उकरू नका. ती म्हणाली, आधी दूध पी.

एक चांगली बातमी आहे. अलिनाखालाचं लग्न ठरलं, मे महिन्याच्या शेवटी आम्ही सगळे उरणला येणार. तिथून मी सगळ्यात आधी पनवेलला येणार, तुझ्याकडे. तोपर्यंत नवाबला जिवंत ठेव. मला बाकी काही नको, फक्त एवढंच. मी रोज रात्री दुआ मागताना त्याचं नाव आधी घेते, मग अरसलानचं.

आणि ऐक, अम्मी त्याला नानीकडेच ठेवणार होती. मीच हट्ट केला की आजीकडे ठेवायचा. आजोबा गेल्यावर तुझ्या घरात कसलाच आवाज येत नव्हता. नवाब निदान खुडखुड तरी करतो.

तुझी
हिबा


पनवेल
६ मे २००४

चि. सौ. बिल्कीस,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. हिबाच्या हाती पडू देऊ नकोस. फोन केला असता, पण रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली, सगळ्या आळीचे फोन मुके झालेत. बूथवर जाऊन आले, पण चार माणसं मागे उभी असताना असलं काही सांगायला माझी जीभ रेटेना.

नवाब गेला गं.

हिबाचं पत्र हातात होतं तसंच ठेवून मी वाळूवर पाणी शिंपडलं. तोवर त्याचं बीळ कितीदा ढासळलं होतं देव जाणे. दोन दिवस तो शंखाचं तोंड खाली करून निपचित पडला होता. काल सकाळी बघते, तर शंख वाळूवर आडवा आणि शंखाच्या तोंडाशी हा सगळा बाहेर. पाय, मोठी नांगी, मिशा, डोळ्यांच्या त्या बारीक दांड्यासुद्धा. फुंकर घातली तर पाय कागदासारखा हलला. हिबा लिहिते कवच टाकतो. अगं, सापाची कात मी पाहिली आहे, ती पातळ पिशवी असते. डोळ्यांसकट कोणी कात टाकतं का? शिवाय हे सगळं वाळूखाली व्हायचं होतं. हा वर आला आणि गेला. मी स्वच्छतेच्या नादात मारला त्याला. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे.

गोदूताई म्हणाल्या, जास्वंदीच्या मुळाशी टाका, खत होईल. मी म्हटलं, हिबा येईपर्यंत तो तिथून हलणार नाही. तिचा होता तो. तिला शेवटचं तोंड बघू दे.

तुमच्यात थांबत नाहीत, माती लगेच देतात, मला माहीत आहे. पण बिल्कीस, तुला हे समजेल. जानेवारीत हे गेले, तेव्हा स्वानंद दिल्लीत धुक्यात अडकला होता. विमानं बंद होती. घरात माणसं घड्याळं बघायला लागली. कोणी म्हणालं, गुरुजींना पुढे जायचंय, कोणी म्हणालं, मुलगा काय, दहाव्याला येईल. तू दारात उभी होतीस, तशीच खाली गेलीस. नंतर तुझा भाऊ अमन उरण बंदरावरच्या कारखान्यातून टेम्पो भरून बर्फाच्या लाद्या घेऊन आला. मासळीचा बर्फ म्हणून कोणीतरी कुरकुरलं, तर तू म्हणालीस, "बर्फ पाक असतो." दुसऱ्या दिवशी दुपारी स्वानंद पोचला. बापाच्या गालाला हात लावून बसला. तो हात त्याला आयुष्यभर पुरेल.

मी तुला साधं "बरं झालं" असंही म्हटलं नाही. तेव्हा सुचलं नाही, आणि मग इतके दिवस गेले की कुठल्या तोंडानं म्हणावं कळेना. आता म्हणते. तू माझ्या मुलाला त्याच्या बापाचं तोंड दाखवलंस. त्या उपकाराला माझ्याकडे शब्द नाही. तुझ्या मुलीसाठी माझ्या हातून होईल ते एवढंच आहे, तेही मीच बिघडवून ठेवल्यावर.

बर्फ काही घालता येत नाही, पेटीत पाणी होईल. ह्यांचा एक जुना पंचा ओला करून पेटीवर टाकला आहे, चारी बाजूंनी झाकला. उन्हाळा मी म्हणतोय, म्हणून सकाळ-संध्याकाळ परत भिजवून, पिळून घालते. एकटा पडलाय असं वाटायला लागलं, म्हणून ह्यांचा तो गोल तोंडाचा शंख, वारा सुटला की वर्तमानपत्रावर ठेवायचे तो, त्याच्या शेजारी ठेवला. वेडेपणा आहे, पण मला तेवढंच बरं वाटलं. मुंग्या मात्र लागल्यात. आज पंचा बदलताना बघितलं तर दोन पाय कमी दिसले. पेटीभोवती हळदीची रेघ ओढली आहे.

हिबाला तू तिकडेच सांगतेस, की इथं आल्यावर मी सांगू? तू म्हणशील तसं करू. ओरडणार असेल तर माझ्यावर ओरडू दे.

तुझी
शशीकाकी


मस्कत
१३ मे २००४

आजी हात लावू नकोस!!!

काहीही टाकू नकोस. एक पायसुद्धा नको. अमनमामू लग्नाची खरेदी करायला आला होता, तो आज परत निघतोय, त्याला सांगितलंय की उरणला जायच्या आधी पनवेलला उतर आणि हे पत्र आजीच्या हातात दे.

आजी, तू विसरलीस का? अम्मीला मराठी वाचता येत नाही! ती उर्दू शाळेत शिकली. पनवेलला लाइटचं बिल आलं तरी मीच वाचून दाखवायचे, सोसायटीची नोटीसपण मीच. तुझं पत्र आलं तसं तिनं कांदा चिरता चिरता माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, वाच मोठ्यानं. मी मोठ्यानं वाचलं, "हिबाच्या हाती पडू देऊ नकोस." मग मी थांबले. अम्मीपण थांबली. मग म्हणाली, आता पडलंच आहे, पुढे वाच.

"नवाब गेला" वाचल्यावर मी बाथरूमची कडी लावून रडले. अरसलान बाहेरून दार वाजवत होता, त्याला वाटलं मी लपाछपी खेळतेय. मग बाहेर येऊन पुढचं वाचलं. बर्फाचं वाचलं, पंच्याचं वाचलं, आणि मग मुंग्यांचं वाचलं.

आजी, मुंग्या नाहीत. पाय मुंग्या नेत नाहीत, तोच खातो! तो टाकलेलं कवच स्वतः खातो, त्यानंच नवं कवच कडक होतं. कोणी ते साफ करून टाकलं तर तो मरू शकतो. आणि हो, डोळ्यांसकट सुटतं, मिशांसकट सुटतं, पूर्ण दुसरा खेकडा असावा तसं दिसतं. पुस्तकात फोटो आहे. मी तुला ते लिहिलं नाही, कारण मला वाटलं सगळं वाळूखालीच होईल, तुला दिसणारच नाही. माझीच चूक आहे. सॉरी सॉरी सॉरी.

तू वास घे. मेला असेल तर सडक्या मासळीचा असा वास येतो की घरात बसवत नाही. तसा वास नसेल तर तो शंखात अगदी आत आहे, गुलाबी आणि मऊ. पंचा राहू दे! त्याला तेच पाहिजे, अंधार आणि ओल.

पण तू गोदूताईंचं ऐकलं नाहीस ना? जास्वंदीत टाकला नाहीस ना? अब्बू कालपासून फोन लावतायत, लागतच नाही. आजी, नाही ना?

आता अम्मी सांगतेय ते लिहिते. ती म्हणाली, एक शब्दपण बदलू नकोस.

"शशीकाकी, सलाम. तुम्ही बर्फाचं लिहिलंत. माझे अब्बा उरणला गेले तेव्हा मी इथंच, मस्कतला होते. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. आमच्यात मय्यत ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, माझ्या भावांनी चुकीचं काही केलं नाही. मी पोचले तेव्हा कबरीवरची माती ओली होती. मी मातीला हात लावला. पण आजही अब्बांचा चेहरा आठवायला गेले की अर्धाच आठवतो. तुमचा स्वानंद धुक्यात अडकलाय असं कोणी म्हणालं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. अमनला म्हटलं, बर्फ आण. खरं सांगायचं तर काकी, मी ते तुमच्यासाठी केलं नाही. माझ्यासाठी केलं. तुम्ही मला करू दिलंत. एहसान तुमचा आहे, माझा नाही."

आजी, हे मला माहीत नव्हतं. अम्मी सांगताना भिंतीकडे बघत होती, म्हणून मीपण वर बघितलं नाही, नुसती लिहीत राहिले.

मामू बूट घालतोय. आजी, हात लावू नकोस.

हिबा


पनवेल
२२ मे २००४

चि. हिबा,

हे पत्र मुद्दाम उरणला, नानीच्या पत्त्यावर टाकते आहे. विमानातून उतरून तिथं पोचलीस की आधी हे वाच, मेंदी नंतर लाव.

अमनने इथल्या बूथवरून तुम्हांला फोन केला तो मी शेजारी उभी राहून ऐकला. "जिंदा वाटतोय," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. त्या मुलाला शब्दांचे पैसे पडतात की काय कोण जाणे. म्हणून सविस्तर ऐक.

तुझ्या मामानं बेल वाजवली तेव्हा मी खुरपं शोधत होते. हो, खरं तेच सांगते. रोज एक एक पाय कमी होत होता, शेवटी निम्मी नांगी तेवढी उरली होती. मनात आलं, आता हिबाला दाखवायचं तरी काय, तोंडच उरलं नाही. गोदूताई गॅलरीतल्या जास्वंदीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. अमननं पत्र हातात दिलं, मी दारातच उघडलं. "हात लावू नकोस" वाचलं आणि तशीच पेटीपाशी गेले. अमन मागोमाग आला. उरलेलं पत्र त्यानं मला खुर्चीत बसवून वाचायला लावलं, आणि आपण उभा राहिला.

वास घे म्हणालीस. अगं, जन्मभर मासळीच्या वासाला नाक मुरडलेली ही बाई, पदर खोचून, पंच्याचा कोपरा उचलून त्या पेटीत नाक घालून बसली! गोदूताई मागून विचारतायत, "येतोय का? येतोय का?" मला काहीच कळेना. परत हुंगलं. ओल्या वाळूचा वास होता, बस्स. भरतीनंतर किनाऱ्यावर येतो तसा. सडल्याचा मागमूस नाही. मग गोदूताईंनी हुंगलं. त्या म्हणाल्या, "नाही हो. माझ्या नाकातून सुटणार नाही." हे मात्र खरं, त्यांच्या नाकातून काही सुटत नाही.

अमन खिशातून बॅटरी काढत होता. म्हटलं, खबरदार, अंधार ठेवायला सांगितलाय. पंचा परत भिजवून टाकला. खुरपं माळ्यावर गेलं. गोदूताईंनी तांब्यातलं पाणी जास्वंदीला घातलं आणि म्हणाल्या, "मी तेवढ्यासाठीच आले होते." आपण मान्य करावं.

मग रोज पंचा भिजवायचा आणि आत बघायचं नाही. मी काही फार सहनशील बाई नाही, हे तुला माहीत आहे. पण या वेळी बघितलं नाही. दुपारी पेटीशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि ह्यांच्याशी बोलायचे. मोठ्यानं. म्हटलं, तुमच्या भाडेकरूसाठी तुमचाच पंचा खराब करते आहे, रागावू नका.

गुरुवारी सकाळी चहा गाळत होते आणि खुडखुड ऐकू आली.

गाळणं तसंच हातात घेऊन आले. पंच्याचा कोपरा उचलला. पहिल्यांदा दिसला तो त्याचा जुना शंख, तुझ्या केवड्याच्या बनातला. रिकामा. आणि मग शेजारी ह्यांचा शंख होता ना, पेपरवर ठेवायचा तो, तो चालायला लागला.

हिबा, ह्यांचा शंख चालत होता. तो पाण्याच्या वाटीपाशी गेला, त्यातून एक लालबुंद, कोरी करकरीत नांगी बाहेर आली आणि पाणी प्यायली. मी खाली फरशीवर बसले. हसले आणि रडले, दोन्ही, चहाचं गाळणं मांडीवर घेऊन. किती महिन्यांत माझ्या घरात सकाळी आवाज झाला नव्हता. ह्यांनी त्याला उगीच पागडी मागून छळलं, आणि शेवटी जागा दिली ती ह्यांनीच. वर भाडंही नाही. मी तर म्हणते, हे असते तर त्यांनी त्याला करारपत्र करून दिलं असतं.

त्याला जास्त जवळा घातलाय. सत्यवतीला सांगितलं, माझा खेकडा उठला. ती म्हणाली, "मंग आता तरी मोटा झाला का?" तिचा कालवणाचा विचार अजून सुटलेला नाही.

आता पुढचं अम्मीला मोठ्यानं वाचून दाखव. या वेळी मला माहीत आहे तूच वाचणार.

बिल्कीस, तू लिहिलंस की मी तुला करू दिलं. बरं, तसं म्हण. तू मला बर्फ दिलास, मी तुला करू दिलं, तुझ्या लेकीनं मला खुडखुड दिली, आणि तिच्या खेकड्याला मी ओलं फडकं दिलं तेही तो मेला असं समजून. कोणाचं कोणावर किती, हे मला आता लावता येत नाही आणि लावायचंही नाही. मी तुझी ऋणी आहे आणि मला तसंच राहायला आवडतंय.

अब्बांचा चेहरा अर्धाच आठवतो म्हणालीस, ते मी परत परत वाचलं. लग्नाची धावपळ उरकली की एक दिवस माझ्याकडे राहायला ये. मला त्यांच्याबद्दल सांग. कसे चालायचे, काय खायचे, कशावर चिडायचे, अगदी पहिल्यापासून. मी मधे बोलणार नाही. मग मी तुला ह्यांच्याबद्दल सांगेन. इथं कोणाला ह्यांचं नाव काढलं की लोक घाईघाईनं विषय बदलतात, मला वाईट वाटेल म्हणून. मला वाईट वाटतं ते विषय बदलल्याचं. स्वानंदला कळवलंय की दिल्लीला येईन, पण दिवाळीनंतर आणि पाहुणी म्हणून. घर बंद करणार नाही.

हिबा, आता तुझ्यासाठी. तू लिहिलंस तुलाही कोणी उकरू नये. मी नाही विचारणार रुळलीस का. आल्यावर माझ्याकडे हवं तेवढा वेळ गप्प बसून राहा, दूधही देणार नाही.

पण लवकर ये. शेवटचं तोंड बघायला ये, असं सांगणार होते ना? तसं नाही, नुसतं तोंड बघायला ये. डोळ्यांवरचा धूर गेलाय, आता मोहरीच्या दाण्यासारखे काळेभोर आणि स्वच्छ आहेत. नांगी बाहेर काढून तो दिवसभर दाराकडे बघत बसतो. त्यालाही तुझं तोंड बघू दे.

तुझी
शशीआजी